हुकमाने फोटो काढणारे हवालदार

देशाच्या संरक्षणात आणि साखरेत सातारा-सांगलीचा वाटा किती, हे आमच्याकडे प्रत्येक भाषणात सांगितलं जातं. परंतु संगणकाला नुसता लेखी हुकूम देऊन छायाचित्र घेण्याचा पहिला मानही याच मातीकडे जातो, याची नोंद इतिहासाने घेतलेली नाही. ती मी घेत आहे. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आमच्या कॉलेजच्या संगणक लॅबमध्ये हे छायाचित्र घेतलं गेलं आणि त्याबद्दल आजवर दुसऱ्या कोणी दावा केलेला नाही. छायाचित्र एका गुडघ्याचं होतं.

गुडघा लॅबची मशीन सांभाळणाऱ्या हवालदारांचा. त्यांनी हुकूम टाइप केला, एन्टर दाबलं, दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि पडद्याकडे बघत उभे राहिले. पडद्यावर काहीच आलं नाही. पुढच्या हुकमाची वाट पाहणारी ती चौकोनी खूण तेवढी लुकलुकत राहिली.

"काय झालं?" मी विचारलं.

"झालं."

"काहीच आलं नाही की."

"गप हाय म्हंजे झालं," हवालदार म्हणाले.

हे त्यांचं वाक्य मी पुढे इतक्यांदा ऐकलं की मला ते धर्मग्रंथातलं वाटू लागलं. त्यात तथ्यही होतं. युनिक्सच्या घराण्यातल्या मशीनची रीतच तशी. हुकूम नीट पार पडला तर ते तोंड उघडत नाही. चुकलं तरच कुरकुर करतं. इतर मशीन दर मिनिटाला 'आपली खात्री आहे का' म्हणून विचारतात, त्यांचा हवालदारांना मनस्वी तिटकारा होता. "हुकूम दिल्यावर 'नक्की का' म्हणणारा जवान बघितलाय का कवा?" ते विचारत. मी जवानच फारसे पाहिले नव्हते, तरी नाही म्हणत असे.

"घरीही असंच असतं का?" मी एकदा विचारलं.

"घरी उलटं असतंय, सर. मंडळी गप बसली की समजायचं, कायतरी बिघडलंय."

आमचं कॉलेज दोन जिल्ह्यांच्या मधल्या एका माळावर आहे. दोन्ही जिल्हे ते आपलं म्हणायला फारसे उत्सुक नसतात. मी तिथे ग्रंथपाल होतो. हवालदार कोरेगावकडच्या एका खेड्यातले. फौजेत वायरलेसवर नोकरी करून आलेले, दहावी पास. कॉलेजात त्यांना घेतलं ते सकाळी मशीन चालू करायला आणि संध्याकाळी बंद करायला. मधल्या वेळात काय करायचं, हे कोणी सांगितलं नव्हतं. म्हणून त्यांनी माझ्याकडून युनिक्सचं जाडजूड पुस्तक नेलं आणि त्यातला एकेक हुकूम शाळकरी वहीत उतरवून काढला. समोर मराठीत अर्थ. फायली पुसण्याच्या हुकमासमोर लिहिलं होतं: 'विचारत न्हाई. जपून.'

त्याच सुमारास लायब्ररीत येणाऱ्या एका मासिकाबरोबर सीडीची चकती फुकट आली. मी ती रजिस्टरात 'चकती, चकचकीत, एक नग' अशी दाखल करून ठेवली होती. हवालदारांनी ती सही करून नेली आणि चार दिवसांनी कोपऱ्यातल्या मशीनवर लिनक्स, म्हणजे युनिक्सचंच फुकटातलं भावंड, चालू झालं. कॉलेजात हे समजलेली माणसं दोनच. मला तर फक्त चकती परत आली एवढंच समजलं होतं.

कॅमेरा आला तो संस्थेच्या अध्यक्षांच्या अमेरिकेतल्या भाच्याकडून. चेंडूएवढा राखी गोळा, मधोमध काळा डोळा, मागून निघालेली वायर. त्याच्यासोबत आलेली मूळ चकती अध्यक्षांच्या गाडीत काचेखाली उन्हात राहिली आणि भाकरीसारखी फुगली. त्यामुळे लॅबमधलं एकही शहाणं मशीन त्या गोळ्याला ओळखेना. ओळखलं ते फक्त हवालदारांच्या लिनक्सने. मासिकाच्या चकतीत एक छोटा प्रोग्राम निघाला, त्याला ही जात माहीत होती. फक्त एक अडचण होती. समोर काय दिसतंय हे तो आधी दाखवत नसे. हुकूम द्यायचा, डिस्कवर एक काळीपांढरी फाइल पडायची, मग दुसरा हुकूम देऊन ती उघडायची. तेव्हा कळायचं, कॅमेरा कुठे बघत होता. म्हणजे आधी गोळी, मग नेम.

दुसरा कोणी वैतागला असता. हवालदार खुलले. त्यांनी काही वर्षं तोफखान्याबरोबर काढली होती, आणि न दिसणाऱ्या ठिकाणी गोळा टाकून, तो कुठे पडला ते विचारून, पुढचा सुधारायचा, ही त्यांची रोजची भाकरी होती. त्या गुडघ्यानंतर मला खुर्चीवर बसवून त्यांनी काम सुरू केलं. पहिल्या फेरीत माझ्या मागचं कॅलेंडर आलं.

"ओव्हर," हवालदार म्हणाले, म्हणजे नेम वरून गेला. कॅमेऱ्याखाली पुस्तक होतं, ते काढून पातळ पुस्तक ठेवलं. दुसऱ्या फेरीत माझा शर्टाचा खिसा आला. "शॉर्ट. एक बोट वर." तिसऱ्या फेरीत उजवा कान. "दोन बोटं उजवीकडं." चौथ्या वेळी ते माझ्याकडे वळले, ताठ झाले आणि म्हणाले, "सावधान."

फोटो सावकाश घेतला जायचा. जरा हललं की माणसाला दोन नाकं यायची. म्हणून हा सावधानचा हुकूम. आमच्या कॉलेजातल्या त्या काळच्या सगळ्या प्राध्यापकांचे असे फोटो आहेत. श्वास रोखलेला, नजर समोर, हनुवटी वर; आता कोर्टमार्शल होणार आणि ते आपल्याला मान्य आहे, अशी मुद्रा. गणिताचे सर तर फोटो झाल्यावरही उभेच राहिले. हवालदारांना 'विश्राम' म्हणावं लागलं.

नेम जमल्यावर त्यांनी कॅमेरा खिडकीत ठेवला आणि मशीनला हुकूम दिला की दर पाच मिनिटांनी फाट्याचा फोटो घे. फाट्यावर एसटी येत असे, म्हणजे अधूनमधून येत असे. आता उन्हात उभं राहायची गरज नव्हती. लॅबमध्ये जायचं, शेवटची फाइल उघडायला लावायची. लवकरच आमच्या लक्षात आलं की फोटोत एसटी दिसली, म्हणजे ती गेली. तरीही माणसं बघायला येत. "तुमची चारची गेली, सर," असं पुराव्यानिशी कळण्यात वेगळंच समाधान असतं.

एकदा त्या फोटोत आमचे प्राचार्य आले. वेळ साडेतीनची, बगलेत बॅग, पाय एसटीच्या पायरीवर. त्याच वेळेला ते मुंबईच्या फोनवर बसलेले आहेत, असं त्यांच्या दारावरचा शिपाई सांगत होता. लॅबमध्ये आम्ही सात-आठ जण होतो आणि सगळ्यांना हा फोटो नोटीस बोर्डावर हवा होता. हवालदारांनी एक ओळ टाइप केली, एन्टर दाबलं. फाइल गेली.

"अहो, काय केलंत?"

"फाट्यावर एसटी बघायची, सर. कोण चढतंय ते बघायला कॅमेरा लावलेला न्हाई."

एवढं बोलून ते मशीन पुसू लागले. त्यांच्याविषयी मला वाटणारी गंमत त्या दिवशी थोडी आदराकडे सरकली.

आता त्यांची अडचण सांगतो. हवालदारांची नेमणूक अकरा महिन्यांची असे. बारावा महिना 'ब्रेक'. तुम्हीही अशा नेमणुका पाहिल्या असतील; माणूस तोच, काम तेच, फक्त महिनाभर तो अस्तित्वात नाही असं कागद मानतो. त्या महिन्यात हवालदारांना लॅबमध्ये पाऊल टाकायची मनाई होती. ते रोज यायचे. इस्त्रीचे कपडे, चकचकीत बूट. लायब्ररीत खिडकीजवळ बसायचे, कारण तिथून लॅबचं दार दिसतं. आत कोणी मशीन बटणावरून धाडकन बंद केलं की इथे त्यांच्या चेहऱ्यावर कळ उमटे. आणि दरवर्षी एक प्रश्न असायचाच: नवी ऑर्डर निघेल की निघणार नाही.

"कायम करा म्हणावं," ते मला म्हणाले होते. "पदाचं काय न्हाई. पर म्हयनाभर ह्या पोरांच्या तावडीत मशीन सोडून बसायचं, ते काय सोसत न्हाई बघा."

त्या वर्षी कॉलेजच्या मान्यतेसाठी बाहेरून समिती येणार होती. प्राचार्यांनी हवालदारांना बोलावलं. मान्यता मिळाली की कायमची ऑर्डर, असा शब्द दिला. हवालदारांनी सॅल्यूट ठोकला. मग प्राचार्य म्हणाले, "फक्त एक. त्या दिवशी तुम्ही समितीला दिसायचं नाही. सिस्टिम दहावी पास माणूस चालवतो म्हटल्यावर ते काय लिहितील, सांगता येत नाही." त्या दिवसापुरते लॅबचे प्रमुख म्हणून एक तरुण व्याख्याते उभे राहणार होते. पदवीधर, पुण्याचे, स्वभावाने गरीब. युनिक्स त्यांनी शिकवलं पुष्कळ होतं, वापरलं नव्हतं.

हवालदारांनी त्यांना आठवडाभर तयार केलं. कॅमेऱ्याचा नेम लावून दिला, समितीप्रमुखांची खुर्ची खडूने आखून दिली, दोन हुकूम पाठ करून घेतले. आदल्या संध्याकाळी तालीम चोख झाली.

"आणि अडलं तर?" व्याख्यात्यांनी विचारलं.

"मशीन बोललं तर अडलं. गप हाय म्हंजे झालं," हवालदारांनी धीर दिला.

सकाळी हवालदार लॅबशेजारच्या फिनेलच्या खोलीत गेले. झाडू, बादल्या, फडकी, आणि मधे नुसत्या प्लायवुडचा आडोसा, पलीकडचं दिसावं इतका फाटका. त्यानंतर अध्यक्ष आले आणि म्हणाले, "पूजा झाली का?"

पूजा कार्यक्रमात नव्हती. पण आमच्याकडे खंडेनवमीला कंपासपेटीपासून ट्रॅक्टरपर्यंत सगळं पुजलं जातं, आणि अमेरिकेतून आलेली वस्तू नुसतीच चालू करणं अध्यक्षांना पटण्यासारखं नव्हतं. निरांजन आलं, नारळ आला. अध्यक्षांनी हळदीकुंकवात करंगळीशेजारचं बोट बुडवलं आणि त्या गोळ्याकडे पाहिलं. गोल तोंड, मधोमध एक काळा ठिपका. कुंकू लावायची जागा इतकी उघड होती की दुसरीकडे कुठे लावावं असं कोणाच्याही मनात आलं नसतं. त्यांनी तिथेच लावलं, नीट दाबून. वर अक्षता टाकल्या. आम्ही टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, हे कबूल करतो.

समिती आली. प्रमुख उत्तरेकडचे एक वयस्कर प्राध्यापक होते. टाय, जाड चश्मा, आणि आजवर दोनशे कॉलेजांतली बिस्किटं खाल्ल्याची थकलेली नजर. त्यांना खडूच्या चौकोनात बसवलं. व्याख्यात्यांनी हुकूम टाइप केला. मशीन गप. व्याख्यात्यांनी सुटकेचा श्वास सोडला आणि फाइल उघडली.

पडद्यावर एक टाय आला. टायच्या वर काळा ढग होता. ढगाच्या दोन बाजूंना दोन कान, आणि कपाळाच्या जागी चंद्रासारखं काहीतरी पांढरं.

प्रमुख पडद्याकडे वाकले. "ये मैं हूँ?" त्यांनी विचारलं.

"प्रकाश जरा कमी आहे," व्याख्याते म्हणाले आणि पुन्हा हुकूम दिला. मशीन गप. टाय, ढग, कान, चंद्र. तिसऱ्यांदाही तेच. मशीनची काहीच तक्रार नव्हती; त्याला जे दिसलं ते त्याने इमानेइतबारे लिहून ठेवलं होतं. हवालदारांच्या तत्त्वज्ञानात ही एक फट राहून गेली होती. हुकूम पार पडणं आणि काम होणं या दोन गोष्टी आहेत.

तोवर चंद्र म्हणजे तांदळाचा दाणा, हे माझ्या लक्षात आलं. प्राचार्यांच्याही आलं, कारण ते छताकडे बघू लागले. व्याख्यात्यांच्या आलं, आणि ते घामाघूम झाले. नुसतं रुमालाने पुसायचं होतं. पण कुंकू अध्यक्षांनी स्वतःच्या हाताने लावलं होतं आणि अध्यक्ष दोन हातांच्या अंतरावर उभे होते. त्यांच्यासमोर ते पुसणार कोण? माझ्या खिशात स्वच्छ रुमाल होता. मी तो तिथेच राहू दिला.

मान्यता जाणार, हे उघड दिसत होतं. त्याबरोबर ती ऑर्डरही.

फिनेलच्या खोलीचं दार उघडलं. हवालदार बाहेर आले. एका हातात बादली, दुसऱ्यात फडकं, बाह्या दुमडलेल्या. त्यांनी बादली खाली ठेवली, समितीप्रमुखांना कडक सॅल्यूट केला, मग अध्यक्षांकडे वळून हळू आवाजात म्हणाले, "आवं साहेब, देवाच्याबी डोळ्यात कुकू घालत न्हाईत. कपाळाला लावत्यात." आणि एका फटक्यात डोळा पुसला. दाणा उडून प्राचार्यांच्या बुटावर पडला.

"आप कौन?" प्रमुखांनी विचारलं.

प्राचार्यांनी डोळे मिटले.

"साफसफाई, साब," हवालदार म्हणाले.

मग त्यांनी टेबल पुसलं. पडदा पुसला. कीबोर्डवरून फडकं फिरवलं, आणि फडक्याखाली बोटं चालल्याचा कटकट आवाज झाला. "साब, सावधान," ते म्हणाले. प्रमुख नकळत ताठ झाले. पुन्हा कटकट. पडद्यावर त्यांचा चेहरा आला, चश्म्याच्या काड्यांसकट.

"तुमने क्या किया?"

"साफ किया, साब."

प्रमुखांनी चश्मा काढून पुसला आणि परत घातला. इतक्या कॉलेजांत बसून बसून त्यांच्या चेहऱ्यावर जे हरवलं होतं, ते परत येताना मी पाहिलं. "ये तस्वीर हर पाँच मिनट में, अपने आप लेनी हो तो?"

हवालदारांनी फडकं ठेवायचंही विसरून उत्तर दिलं, टाइपही करून दाखवलं.

"और जगह कितनी लेगी?"

तेही सांगितलं. दिवसाची, महिन्याची, आणि डिस्क कधी भरेल ते.

"सफाई वाले को ये सब कैसे मालूम?"

"रोज झाड़ता हूँ, साब," हवालदार म्हणाले. "पता चल जाता है."

प्रमुख हसले का, ते सांगता येत नाही. ते त्या वेळी बिस्कीट चहात बुडवत होते. पण बिस्कीट कपातच विरघळून गेलं आणि त्यांनी ते शोधलं नाही. जाताना त्यांनी हवालदारांशी हस्तांदोलन केलं, आधी फडकं त्यांच्या हातातून काढून स्वतःच्या डाव्या हातात धरलं. व्हरांड्यात पोचेपर्यंत ते त्यांच्याच हातात होतं.

मान्यता आली. अहवालात इमारतीबद्दल, पाण्याच्या टाकीबद्दल आणि ग्रंथालयाबद्दल जे लिहिलं होतं ते सांगण्यासारखं नाही. संगणक विभागाविषयी मात्र लिहिलं होतं की, संस्थेत युनिक्सचा प्रसार तळापर्यंत झालेला असून स्वच्छता कर्मचारीही ते सहज हाताळतात. ही बाब अन्यत्र आढळली नाही. अध्यक्षांनी हे वाक्य चौकटीत लावलं.

प्राचार्यांनी शब्द पाळला. पण आमच्या ऑफिसात कागदाला कागद जुळावा लागतो, आणि अहवालात हवालदारांचा उल्लेख एकाच नात्याने होता. ऑर्डर माझ्या टेबलावर आणून हवालदारांनी मला वाचायला सांगितली. चश्मा घरी राहिला होता, असं म्हणाले. मी वाचली. पद: स्वच्छता शिपाई.

मी संतापलो. प्राचार्यांकडे जाऊ, अर्ज लिहू, इंग्रजीत लिहू, असं बरंच बोललो. हवालदारांनी ऑर्डरच्या तळाशी बोट ठेवलं.

"खाली कायम लिवलंय न्हवं?"

"लिहिलंय."

"मग वरचं कशाला वाचायचं, सर?" त्यांनी ऑर्डर घडी करून वरच्या खिशात ठेवली आणि खिशाचं बटण लावलं. "फौजेत भरती झालो तवा पयल्या दिवशी हातात झाडूच दिला हुता. रायफल लय मागनं."

पुढच्या बाराव्या महिन्यात लायब्ररीतली खिडकीजवळची खुर्ची रिकामी होती. लॅबमधून 'सावधान' ऐकू आलं, आणि मी नकळत खुर्चीत सरळ बसलो.

पुष्कळ वर्षांनी निवृत्तीचं वय झालं आणि हवालदार गावी गेले. जाताना त्यांनी हुकमांची वही कोपऱ्यातल्या मशीनवर ठेवली होती. त्यांच्या जागेवर नियमाप्रमाणे नवी नेमणूक झाली: चौथी पास, झाडकामाचा अनुभव. माणूस कष्टाळू आहे. कोपऱ्यातलं मशीन तेव्हापासून चालू झालेलं नाही, पण त्याच्यावर धुळीचा कण सापडायचा नाही.